बिल वाचवा, पण कोणते बटण बंद करून?

विजेचे बिल वाढून आले की घरात पहिला दोष मोबाइलच्या चार्जरला दिला जातो. प्रत्यक्षात रोज एकदा चार्ज होणारा मोबाइल महिन्याला जेमतेम अर्धा युनिट वीज घेतो. खरी वीज खाणारी उपकरणे वेगळीच असतात. चुकीच्या जागी केलेली काटकसर नुसती वाया जात नाही, काही घरांत ती रुग्णाच्या जिवावर बेतते. दम्याच्या किंवा सीओपीडीच्या रुग्णाचे ऑक्सिजनचे यंत्र दुपारी ‘जरा वेळ’ बंद ठेवणे, इन्शुलिन ठेवलेला फ्रीज रात्री बंद करणे, उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या खोलीतला कूलर न लावणे हे सगळे बिलाच्या धाकाने घडते. म्हणून हिशेब नीट समजून घ्यायला हवा.

एक युनिट म्हणजे किती?

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. उपकरणामागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. त्याला वापराच्या तासांनी गुणून हजाराने भागले की युनिट मिळतात.

जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅटचा असतो. तो रोज बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट होतात. नवा बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॅटवर चालतो, त्याचे ११ युनिट होतात. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ०.६ युनिट लागते. चार माणसांच्या चार बादल्या रोज अशा तापल्या की महिन्याचे ७० ते ७५ युनिट गीझरच घेतो. एसी आणि फ्रीजवरच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. एसीचा आकडा वर्षाला १६०० तास वापर धरून काढलेला असतो. लेबलवर ८०० युनिट असतील तर तासाला सरासरी अर्धा युनिट. रोज आठ तास वापरला तर महिन्याचे १२० युनिट. खोली १८ अंशांवर ठेवली की खर्च वाढतो. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या सांगण्यानुसार तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ अंशांवर असतात, ते याच कारणाने.

गाडीपेक्षा भुकेले यंत्र

आता इलेक्ट्रिक मोटारीकडे पाहू. लहान मोटार एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाला १५० ते १७० युनिट जास्त लागतात. एवढी मोठी गाडी दारात उभी राहिली की बिलाची चर्चा साऱ्या सोसायटीत होते.

पण खाटेशेजारी घरघरणाऱ्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची चर्चा कुणी करत नाही. पाच लिटरचे यंत्र सुमारे ३५० वॅट घेते. रोज १५ तास चालले तर महिन्याला १५७ युनिट आणि दिवसरात्र चालले तर २५२ युनिट. म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे यंत्र महिन्याला दीड हजार किलोमीटर धावणाऱ्या मोटारीइतकी वीज घेते. हिशेबासाठी युनिटला दहा रुपये धरले तर हे दीड ते अडीच हजार रुपये होतात. महाराष्ट्रात घरगुती विजेचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात आणि प्रत्येक पुढच्या टप्प्याचा दर चढा असतो. यंत्राचे युनिट घरच्या दिवे-पंख्यांच्या युनिटांतच मिसळतात. त्यामुळे एरवी शंभरच्या आत राहणारे घर एकदम तिसऱ्या शतकात जाते.

असे रुग्ण बहुधा सधन नसतात. त्यांत आयुष्यभर विडी ओढलेले पुरुष असतात, तशाच कधीही तंबाखूला हात न लावलेल्या, पण चुलीच्या धुरात वर्षानुवर्षे स्वयंपाक केलेल्या बायकाही असतात. ‘आता बरं वाटतंय, बंद कर’ असे रुग्णच सुनेला सांगतो, कारण बिल मुलाच्या पगारातून जाते हे त्याला ठाऊक असते.

तास का मोजायचे?

रक्तातील ऑक्सिजन कायम खूप कमी असलेल्या सीओपीडी रुग्णांसाठी हे यंत्र म्हणजे धाप लागली की घ्यायचे औषध नव्हे. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात रोज किमान १५ तास ऑक्सिजन घेणाऱ्या ४२ रुग्णांपैकी पाच वर्षांत १९ दगावले, तर न घेणाऱ्या ४५ पैकी ३० दगावले. त्याआधी १९८० च्या अमेरिकी अभ्यासात फक्त रात्री ऑक्सिजन घेणाऱ्यांचे मृत्यू जवळजवळ दिवसभर घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट होते. ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातील रक्तवाहिन्या आकसतात, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो, पायांवर सूज चढते. हे सारे हळूहळू होते. यंत्र बंद केल्यावर दोन तास काही वाटले नाही, याचा अर्थ नुकसान झाले नाही असा नाही.

काही घरांत यंत्र बंद न करता प्रवाह तीन लिटरवरून एकवर आणला जातो. त्यानेही फारसे साधत नाही. आतला कॉम्प्रेसर बहुतेक यंत्रांत जवळपास तेवढाच चालतो, वीज थोडीच वाचते आणि रुग्णाला मात्र ऑक्सिजन कमी मिळतो.

बचतीचा एक रास्त मार्ग आहे, तो फेरतपासणीचा. न्यूमोनियासारख्या आजारातून घरी सोडताना दिलेला ऑक्सिजन अनेकांना पुढे लागत नाही. दोन-तीन महिन्यांनी छातीच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. ऑक्सिजनची पातळी थोडीशीच कमी असलेल्या सीओपीडी रुग्णांना सततच्या ऑक्सिजनचा फायदा होत नाही, हे २०१६ साली ७३८ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासाने दाखवले आहे. गरज नसेल तर यंत्र हक्काने बंद करता येते. पण तो निर्णय तपासणीवरून व्हावा, बिलावरून नव्हे. ब्रिटनमध्ये घरगुती ऑक्सिजन यंत्राने खाल्लेल्या विजेचे पैसे रुग्णाला परत मिळतात. आपल्याकडे वाहनांच्या चार्जिंग केंद्रांसाठी वेगळी दरश्रेणी झाली, मग घरच्या जीवरक्षक यंत्रांचाही विचार व्हायला हरकत नाही.

फ्रीज, कूलर आणि पंखा

न उघडलेले इन्शुलिन दोन ते आठ अंशांत ठेवावे लागते. लहान फ्रीजला दिवसाला अर्ध्या युनिटच्या आसपास वीज लागते. रात्री तो बंद ठेवून चार-दोन रुपये वाचतील, पण खराब झालेली एक कुपी त्याहून कितीतरी महाग पडेल. लांबलचक भारनियमन असेल तर कुपी कोरड्या डबीत घालून पाण्याने भिजलेल्या मातीच्या मडक्यात ठेवावी. बर्फात ठेवू नये, गोठलेले इन्शुलिन निकामी होते.

उन्हाळ्यात पंखा घाम सुकवून अंग थंड करतो. पण हवा ४० अंशांच्या वर गेली की तोच पंखा गरम झळ अंगावर मारतो. तेव्हा ओल्या फडक्याने अंग पुसणे, पाणी पिणे आणि थंड जागा गरजेची. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो आणि साधारण दोनशे वॅटमध्ये काम भागवतो. कोकणच्या दमट हवेत तो फारसा उपयोगी नाही. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायला हवी, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. साठीच्या पुढची माणसे आणि हृदयविकाराचे रुग्ण यांच्या खोलीत काटकसर नको.

हात आखडायचा तो कुठे?

बचत गीझर, एसी आणि जुन्या पंख्यांवर करावी. घरातले तीन जुने पंखे बदलले तर महिन्याला सुमारे ५० युनिट वाचतात, म्हणजे ऑक्सिजन यंत्राचा दहा दिवसांचा खर्च निघतो. छत स्वतःचे असेल तर एक किलोवॅटचे सौर पॅनेल महिन्याला सुमारे १२० युनिट देते. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत त्याला ३० हजार रुपये अनुदान आहे.

शेवटी तारांकडे लक्ष. मोटारीचा घरगुती चार्जर तासन् तास तीन किलोवॅटहून अधिक वीज ओढतो. त्याला आणि ऑक्सिजन यंत्राला अर्थिंग असलेला स्वतंत्र सॉकेट हवा, एक्स्टेन्शन बोर्ड नको. यंत्र भिंतीपासून हातभर दूर ठेवावे, त्याची जाळी आठवड्याला धुवावी. त्या खोलीत विडी, उदबत्ती, निरांजन काही पेटवू नये. वीज गेली तर लगेच लावता येईल असा भरलेला सिलिंडर घरात असावा आणि तो कसा उघडायचा हे घरातल्या किमान दोघांना यावे.