शस्त्र आणि रूप : लेखांक पाचवा — वणाची मुदत

कपाळाच्या कातडीचे नाक घडविण्याची जी हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये छापली, आणि जिच्यापासून युरोपातील आधुनिक रूपशस्त्रक्रियेने प्रेरणा घेतली, ती आपल्या पुण्याजवळची आहे. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडून नाक व एक हात गमावून बसला, आणि वर्षाहून अधिक काळ तसाच काढल्यावर वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक दिले. वाचक त्या नाकानेच थक्क होतात; मला मात्र त्यानंतरच्या शुश्रूषेचे अधिक नवल वाटते. काताचा लगदा लावलेल्या कापडाच्या पट्ट्या एकावर एक बसवून चार दिवस जखमेला हात लावीत नसत, मग तुपात भिजविलेली फडकी ठेवीत, आणि कपाळाशी राखलेला कातडीचा दुवा सुमारे पंचविसाव्या दिवशी तोडीत. कपाळावरचा वण काही काळाने फारसा उठून दिसत नाही, असेही वृत्तलेखकाने नमूद केले आहे.

ओलसर झाकलेली जखम उघडीपेक्षा लवकर भरते, हे जॉर्ज विंटर याने १९६२ साली प्रयोगाने दाखविले. (म्हणून आज टाक्यांवर तूप चोपडावे असे नव्हे, साधे व्हॅसलीन पुरते, हळदीची तर मुळीच गरज नाही.)

'काही काळाने' म्हणजे किती, याचाच रुग्णाला विसर पडतो. तिसऱ्या आठवड्याअखेर सांधलेल्या त्वचेत मूळच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतके बळ असते, आणि पुढे कितीही वर्षे लोटली तरी ते चार-पंचमांशापलीकडे जात नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तर वण लाल, टणक व खाजरा होऊन पूर्वीपेक्षा वाईटच दिसतो, आणि निवळायला वर्ष-दीड वर्ष घेतो. तेव्हा आमच्या इंदूरच्या पोलोग्राउंडवरील एखाद्या कारखान्यात लेथवर उभा राहणारा माणूस पोटाचे टाके निघाले की हजेरीच्या धास्तीने कामावर रुजू होऊन लोखंडी सळ्या उचलू लागला, तर कोवळा वण ताणाने रुंदावतो. चेहऱ्याचा असला तर माळव्याच्या उन्हात काळवंडतो. आणि जेवणाच्या सुटीतील बिडी रक्तवाहिन्या आकुंचित करून जखमेचा रक्तपुरवठाच तोडते. टाके निघून जखम पुरती मिटली, की सिलिकोनची पट्टी दिवसातून निदान बारा तास, दोन-तीन महिने लावावी. उन्हात वण झाकावा. आणि तो खुपतो म्हणून दुरुस्तीचा तगादा सर्जनकडे वर्षाच्या आत सहसा लावू नये.

अपवाद केलॉइडचा. कानाची पाळी, छाती व खांदा येथे, आणि सावळ्या त्वचेत विशेषेकरून, वण जखमेची हद्द ओलांडून वाढतच जातो. तो नुसता कापून टाकला तर बहुधा पूर्वीहून मोठा होऊन परततो. त्यासाठी वर्षभर न थांबता त्वचारोगतज्ज्ञाकडून त्यात स्टेरॉइडची इंजेक्शने घ्यावी लागतात. त्यांचा विचार पुढील लेखांकात.