कात्रणवहीतलं रसायन: लग्नपत्रिका, एसटीचं तिकीट आणि सूतगुंडी कशी टिकवायची?

जुन्या घरातली पत्र्याची पेटी उघडली की फोटो फार थोडे निघतात. आमच्या हिंगणीसारख्या गावात दोन पिढ्यांपूर्वी फोटो काढायचा म्हणजे मोठ्या गावातला स्टुडिओ गाठायचा, आणि तोही लग्नाच्या निमित्तानं. त्यामुळे एखाद्या पणजीचा एकही फोटो नसतो. मग तिच्या असण्याचा पुरावा काय उरतो? अंगठ्याचा ठसा असलेलं एखादं कागदपत्र, चोळीचा तुकडा, कुणाच्या तरी हातानं लिहून घेतलेलं पोस्टकार्ड, वहीत उतरवलेल्या ओव्या.

हे सगळं एका वहीत नीट लावून ठेवावं असं आता बऱ्याच जणांना वाटतं. कात्रणवही आपल्याला नवी नाही. पूर्वी तिच्यात वर्तमानपत्रातली कात्रणं असायची, आता तिकिटं, पत्रिका, राख्या, कापडाचे तुकडे असतात. अडचण एवढीच की प्रेमानं चिकटवलेली वस्तू पुष्कळदा त्या चिकटवण्यामुळेच मरते. माझ्या पीएच.डी.चा विषय सेल्युलोज आहे, म्हणजे कागद आणि कापूस ज्याचे बनतात तो पदार्थ. त्यामुळे आज प्रयोगशाळेतली भाषा थोडी बाजूला ठेवून कात्रणवहीबद्दल बोलू.

कागद म्हातारा होतो म्हणजे काय होतं?

सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांब माळ. कापसाच्या ताज्या धाग्यात एका माळेत दहा हजारांच्या आसपास मणी असू शकतात. लाकडापासून केलेल्या लगद्यात साधारण हजाराच्या घरात. माळा लांब असल्या की त्या एकमेकींत गुंतून राहतात आणि कागद वाकवला तरी तुटत नाही. माळेत दोन-तीनशेच मणी उरले की कागद घडीवर मोडतो. पेटीतलं जुनं कागदपत्र उलगडताना ‘कट’ असा आवाज येतो ना, तो याचाच.

माळ तोडतं कोण? मुख्यतः आम्ल. १८०७ साली मोरिट्झ इलिग या जर्मन माणसानं कागदावर शाई पसरू नये म्हणून तुरटी आणि राळ वापरायची पद्धत काढली. ती जगभर पसरली. पण तुरटीमुळे कागदात आम्ल राहतं, आणि हवेतल्या ओलाव्याच्या मदतीनं ते एकेक दुवा तोडत जातं. गंमत म्हणजे दुवा तुटताना आम्ल खर्ची पडत नाही, ते पुढचा दुवा तोडायला मोकळंच असतं. वर कागद जुना होताना स्वतःही नवीन आम्लं तयार करतो. म्हणून ऱ्हास सुरू झाला की वेग वाढतच जातो.

दुसरा भिडू लिग्निन. लाकडाला कडकपणा देणारा हा पदार्थ वर्तमानपत्राच्या कागदात तसाच राहिलेला असतो. ऊन लागलं की तो पिवळा पडतो.

हे तुम्हाला घरीच बघता येईल. वर्तमानपत्राची एक पट्टी आणि फोटोकॉपीच्या कागदाची एक पट्टी घ्या, दोन्हींवर एकेक नाणं ठेवा आणि आठवडाभर उन्हात राहू द्या. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात फार वाट बघावी लागत नाही. वर्तमानपत्रावर नाण्याचा फिका गोल स्पष्ट दिसेल. फोटोकॉपीच्या कागदात लिग्निन जवळपास नसतं, आणि हल्लीच्या बऱ्याचशा अशा कागदात चुनखडी घातलेली असते, ती आम्ल शोषून घेते. टिकाऊ कागदासाठीच्या आयएसओ ९७०६ या आंतरराष्ट्रीय मानकातही हेच मागितलेलं आहे: लिग्निन अगदी कमी, पीएच ७.५ ते १०, आणि किमान २ टक्के चुनखडीइतका अल्कधर्मी साठा.

यातून कात्रणवहीचा पहिला नियम निघतो. वही बाजारातली काळ्या किंवा रंगीत जाड पानांची स्वस्त स्क्रॅपबुक नको. तिची पानं बहुतेक वेळा हलक्या लगद्याची असतात, आणि त्यांचं आम्ल शेजारच्या वस्तूत उतरतं. वर्तमानपत्राचं कात्रण चांगल्या कागदाला लागून ठेवलं तर त्या कागदावर तपकिरी सावली उमटते, ती याच कारणानं. कात्रणाची फोटोकॉपी वहीत लावा आणि मूळ कात्रण वेगळ्या पाकिटात ठेवा.

मगनवाडीचा धडा

चांगल्या कागदासाठी आपल्याला लांब जायची गरज नाही. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ १९३४ साली स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीतून त्याचं काम चाललं. हातकागद हा त्यातला एक उद्योग. तिथलं मगन संग्रहालय १९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालं, आणि ग्रामोद्योगांच्या वस्तू आजही तिथे बघायला मिळतात. सुती चिंध्यांपासून केलेल्या हातकागदात लिग्निन नसतं आणि सेल्युलोजच्या माळा लांब असतात. जिथे कापूस पिकतो तिथल्या चिंध्या म्हणजे उत्तम कागदाचा कच्चा मालच.

पण एक खबरदारी घ्या. हातकागद आहे म्हणून तो आम्लविरहित असेलच असं नाही. तोही तुरटी-राळेनं बांधलेला असू शकतो. विकत घेताना हा एक प्रश्न विचारा आणि गडद रंगाचा, चमकी लावलेला कागद टाळा.

चिकटवायचं कशानं?

लेखक मार्क ट्वेननं १८७३ साली आधीच गोंद लावलेल्या पानांच्या स्क्रॅपबुकचं पेटंट घेतलं होतं. पान ओलं केलं की वस्तू चिकटायची. त्याच सोयीचा आधुनिक अवतार म्हणजे चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले अल्बम. काही वर्षांनी त्यातला गोंद वस्तू सोडतच नाही, आणि वरचं प्लास्टिक पीव्हीसी असेल तर त्यातून तेलकट द्रव्य आणि आम्लाची वाफ निघते.

सेलोटेपचंही तसंच. तिचा गोंद आधी पिवळा होतो, मग पातळ होऊन कागदात झिरपतो, शेवटी सुकतो. पट्टी गळून पडते आणि डाग कायमचा राहतो. स्टेपलर पिन गंजते, आणि लोहाचे कण सेल्युलोजच्या ऱ्हासाला हातभार लावतात. बाइंडरच्या मैद्याच्या खळीत किडीसाठी मोरचूद घालायची पद्धत होती. कीड लागत नाही हे खरं, पण तांब्याचे कणही तेच काम करतात.

मग काय वापरायचं? जगभरातले कागद-संवर्धक गव्हाच्या स्टार्चची पेस्ट वापरतात. म्हणजे काय? कुरडयांसाठी गहू भिजवून आपण जो चीक काढतो ना, जवळजवळ तोच पदार्थ! फक्त खाली बसलेला चीक वरचं पाणी बदलून-बदलून स्वच्छ धुवायचा, आंबट वास जाईपर्यंत. मीठ, हिंग काही घालायचं नाही. मंद आचेवर पाण्यात वीसेक मिनिटं घोटायचा आणि गार झाल्यावर गाळून घ्यायचा. धुण्यामागचं कारण असं की गव्हातली प्रथिनं निघून जातात. या पेस्टचा मोठा गुण म्हणजे ती परत निघते. उद्या कुणाला वस्तू सोडवायची असेल तर ओल्या बोळ्यानं सुटते. कमी लावा, वर वजन ठेवा, पूर्ण सुकू द्या. स्टार्च किडीलाही आवडतो, म्हणून थेंबभरच.

त्याहून चांगलं म्हणजे वस्तूला काहीच न लावणं. कागदाचे त्रिकोणी कोपरे करून वहीला चिकटवा आणि वस्तू त्यात अडकवा.

एकेका वस्तूचा स्वभाव

*लग्नपत्रिका.* कोपऱ्यावरची हळद म्हणजे कुर्कुमिन. ते उजेडात फिकं होतं आणि अल्कलीत लाल होतं. हळदीत चुन्यासारखी अल्कली घालून पारंपरिक कुंकू करतात, ते याच गुणामुळे. म्हणून अल्कधर्मी कागदावर पत्रिका लावली तर ती ओली होऊ देऊ नका, आणि समोरच्या पानाला डाग लागू नये म्हणून मध्ये एक कोरा कागद घाला.

*एसटीचं तिकीट.* जुनं, कंडक्टरनं पंच केलेलं तिकीट छापील आहे, ते टिकतं. मशीनमधून निघणारं तिकीट थर्मल कागदाचं असतं. त्याच्या थरात रंगहीन रंगद्रव्य आणि त्याला रंग आणणारं द्रव्य शेजारी-शेजारी असतात. उष्णतेनं ती वितळून एकत्र आली की काळं अक्षर उमटतं. तेल, सॅनिटायझर, पीव्हीसीचं पाकीट यांनी ते पुसट होतं. अशा तिकिटाची आजच फोटोकॉपी काढा. आणि ते गरम लॅमिनेशनमध्ये अजिबात घालू नका, सबंध तिकीट काळं होईल.

*बोंड आणि सूतगुंडी.* कापूस म्हणजे निसर्गातलं जवळपास सर्वांत शुद्ध सेल्युलोज, नीट ठेवला तर पिढ्यान्पिढ्या टिकतो. फक्त सरकी काढा, तिच्यात तेल असतं आणि अळीही असू शकते. गुंडी चिकटवायची नाही, सुती दोऱ्यानं पानाला टाचायची.

*रेशीम आणि जर.* रेशीम हे प्रथिन आहे, त्याला अल्कली चालत नाही. म्हणून रेशमाखाली चुनखडीचा कागद न घालता धुतलेलं सुती कापड घाला. जरीत चांदी असेल तर रबरबँडमधल्या गंधकानं ती काळी पडते.

*मोरपीस.* हळद विटते पण मोरपिसाचा निळा-हिरवा तसाच का राहतो? कारण तो रंगद्रव्याचा रंग नाही. पिसाच्या तंतूंमध्ये मेलॅनिनच्या अतिसूक्ष्म कांड्यांची शिस्तबद्ध जाळी असते, ती ठरावीक रंगाचा प्रकाश परतवते. रचना शाबूत तोवर रंग शाबूत. पण पिसाला कसर लागते. आणि हिंगणीकरांना वेगळं सांगायला नको, बोर व्याघ्र प्रकल्पातून पान, पीस, काहीही उचलून आणायचं नाही. तिथली आठवण म्हणून प्रवेशाची पावती पुरे.

लॅमिनेशन का नको?

जुनी सनद, सातबारा, शाळेचा दाखला दिसला की आपण आधी लॅमिनेट करून आणतो. गरम प्लास्टिक तंतूंमध्ये वितळून बसतं. ते काढायचं म्हटलं तर कागदाला इजा न होता निघणं कठीण. आतलं आम्लही आतच राहतं. त्याऐवजी पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचं उघड्या तोंडाचं पाकीट वापरा. तीव्र वास येणारं मऊ प्लास्टिक बहुधा पीव्हीसी असतं, ते नको.

वही ठेवायची कुठे?

तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो, आणि कागदाच्या ऱ्हासात त्याहूनही जास्त. आता टिनाच्या छपराखालचा माळा आठवा. वर्धेचा मे महिना तिथे कागदाला फार लवकर म्हातारा करतो. पावसाळ्यात ओलावा ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की बुरशी धरते. म्हणून घराच्या आतल्या भिंतीचं कपाट, मधला कप्पा. जमिनीवर नको, वाळवी येते. डांबरगोळ्यांऐवजी वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, वही सावलीत उघडून पानं हवेशीर करा. किडीचा संशय आला तर कोरडी वस्तू दोन पिशव्यांत घट्ट बंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर सामान्य तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर दव धरेल.

शेवटचं आणि सगळ्यात स्वस्त काम. प्रत्येक वस्तूखाली शिसपेन्सिलीनं लिहा: ही कुणाची, कधीची, कुठून आली, तुम्हाला कुणी सांगितलं. बॉलपेनच्या शाईतले बरेच रंग विटतात. शिसपेन्सिलीतलं ग्राफाइट म्हणजे निव्वळ कार्बन, ते विटत नाही. रसायनशास्त्र चोळीचा तुकडा शंभर वर्षं टिकवू शकेल, पण तो कुणाच्या चोळीचा हे कुठल्याही उपकरणाला सांगता येत नाही. ते सांगणारी माणसं आज घरात आहेत. त्यांना या रविवारी पेटीजवळ बसवा, आणि पेन्सिलीला टोक करून ठेवा.