पफर माशाचे दात आणि त्याचं खाणं



मालवणकडे गेलेल्यांनी फुगणारा केंड मासा पाहिला असेल. मच्छीमारांची जाळी तो दातांनी कुरतडतो, म्हणून तो त्यांना नकोसा. त्याच्याच कुळातले छोटे मासे ‘पफर’ नावाने शोभेसाठी विकले जातात. ते पाळायचे तर आधी दातांचा हिशोब समजून घ्या.

या कुळाचं शास्त्रीय नाव टेट्राओडॉन्टिडी, म्हणजे चार दातांचे. वर दोन, खाली दोन, जुळून पोपटाच्या चोचीसारखे झालेले. उंदराच्या दातांप्रमाणे ते जन्मभर वाढतात. बँकेच्या भाषेत, व्याज रोज चढतं. कवचाचं खाणं हा हप्ता. हप्ता थकला की दात इतके वाढतात की तोंडात घास जात नाही, आणि समोर अन्न असून मासा उपाशी मरतो.

म्हणून नुसत्या मऊ अळ्यांवर भागत नाही. पाण्यातल्या लहान गोगलगायी द्याव्यात. मोठ्या जातींना कवचासकट कोळंबी, शिंपले, खेकड्याचे पायही चालतात. कोरडे दाणे हे मासे सहसा खात नाहीत. आपल्याकडे ऊस-तंबाखूच्या शेतात औषधफवारणी होते, त्यामुळे ओढ्यातल्या गोगलगायी आणू नका. वेगळ्या बरणीत काकडी, पालक घालून घरीच वाढवा.

पश्चिम घाटातल्या नद्यांमधला मलबार पफर जेमतेम तीन सेंटिमीटरचा. त्याचे दात कापायची वेळ क्वचितच येते. निसर्गात त्याची संख्या घटते आहे, म्हणून टाकीत पैदास झालेलाच मागा. हिरवा ठिपकेदार पफर पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढतो. मोठेपणी त्याला मचूळ पाणी लागतं, तेही समुद्री मीठ घालून. स्वयंपाकाचं मीठ नको.

मासा घासाकडे धावतो पण तोंडातून टाकतो, पोट खपाटीला जातं, दात ओठांबाहेर दिसतात, ही धोक्याची खूण. अशा वेळी लवंग तेलाच्या अगदी कमी मात्रेने माशाला गुंगी आणून दाताचं टोक कापतात. मात्रा चुकली तर मासा दगावतो, म्हणून हे काम माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडूनच करून घ्यावं. फुगलेला पफर पाण्याबाहेर काढू नये. पोटात हवा शिरली तर ती बाहेर पडणं अवघड जातं.

दोन गोष्टी शेवटी. पफर इतर माशांचे पर कुरतडतो, त्याची टाकी वेगळी ठेवा. आणि पफरच्या अनेक जातींच्या अंगात जहाल विष असतं, त्यामुळे तो कधीही खाऊ नये. विकत घेताना जात कोणती, पाणी कोणतं, हे दुकानदाराला आधी विचारा, मगच पैसे द्या.