छातीचा स्कॅन आणि किरणांची मात्रा

सन २०२१ चे एप्रिल आणि मे हे दोन महिने कोणते कुटुंब विसरू शकेल? कुक्षीच्या पंचक्रोशीत काय किंवा धार-देवासकडे पवारांच्या अमदानीपासून वसलेल्या मराठी घरांत काय, कोणाला ताप आल्याचे कळताच पहिला प्रश्न विचारला जाई, "स्कोअर किती आला?" पंचवीसपैकी मिळणाऱ्या त्या आकड्यावर घरादाराचा जीव टांगलेला असे. खोकला सुरू होताच, गाडी ठरवून, पदरमोड करून इंदूरची वाट धरणारी माणसे आम्हांस ठाऊक आहेत. काहींनी तर पंधरा दिवसांत दोनदोन, तीनतीन वेळा छातीचा सी. टी. स्कॅन काढवून घेतला.

अशा वेळी, ३ मे २०२१ रोजी, दिल्लीच्या एम्स या संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी इशारा दिला की, एक सी. टी. स्कॅन म्हणजे छातीचे तीनशे ते चारशे एक्स-रे. सौम्य आजारात तो काढण्यात अर्थ नाही, आणि वारंवार काढल्यास, विशेषतः तरुण वयात, पुढे कर्करोगाचा धोका वाढू शकतो. क्ष-किरणतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने लगोलग प्रत्युत्तर दिले की, आधुनिक यंत्रावर अल्प मात्रेने काढलेला स्कॅन अवघ्या पाच ते दहा एक्स-रेंइतका असतो. सामान्य माणूस गोंधळून गेला. खरे कोणाचे मानावे?

या वादाचा उलगडा मात्रेत आहे. रंटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधून काढले. हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ साली रुग्णाचा पहिला सी. टी. स्कॅन झाला. एक्स-रेमध्ये किरण एका बाजूने एकदाच शरीरातून जातात, सी. टी.मध्ये किरणांची नळी रुग्णाभोवती फिरते व संगणक फुप्फुसाचे कापासारखे पातळ थर दाखवितो. साहजिकच किरण अधिक लागतात. ते मोजण्याचे माप मिलिसीव्हर्ट. मातीतून, आकाशातून व अन्नातून मनुष्यास वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट किरण आपोआपच मिळतात. छातीच्या एका एक्स-रेचे सुमारे ०.०२; नेहमीच्या छातीच्या सी. टी.चे पाच ते सात. पण अल्प मात्रेच्या सी. टी.चे सुमारे दीड, आणि कधी त्याहूनही कमी. म्हणजे तपासणीचे नाव एकच असले तरी मात्रा यंत्रावर आणि ते चालविणाऱ्याच्या दक्षतेवर अवलंबून असते.

ही मात्रा कमी करता येते याचे कारण फुप्फुसातच आहे. फुप्फुस हवेने भरलेले असल्याने विषाणूच्या न्यूमोनियाचे धुरकट डाग त्यात थोड्या किरणांनीही उठून दिसतात. म्हणून तज्ज्ञ नळीचा विद्युत्प्रवाह व दाब रुग्णाच्या वजनाप्रमाणे कमी करतात. बाप आणि बाळ यांना एकाच मापाचा अंगरखा कोणी शिवीत नाही, तसेच हे. काही यंत्रांत नळीपुढे कथिलाचा पातळ पत्रा असतो. तो निरुपयोगी किरण अडवितो. थोड्या किरणांचे चित्र दाणेदार येते, ते संगणकाच्या नव्या गणितपद्धती स्वच्छ करतात. केवळ छातीपुरतेच छायाचित्र घेणे, कारण नसता पोटापर्यंत न जाणे, यानेही पुष्कळ बचत होते.

तथापि सर्वांत मोठी बचत अनावश्यक स्कॅन न काढण्यात आहे. प्राणवायूचे प्रमाण चांगले असलेल्या, दम न लागणाऱ्या रुग्णास त्या चित्राने उपचारात सहसा काही फरक पडत नाही. डॉ. गुलेरिया यांनी त्याच वेळी सांगितले होते की, लक्षणे नसलेल्या कित्येकांच्या फुप्फुसांतही डाग दिसतात व ते उपचारावाचून नाहीसे होतात.

याचा अर्थ स्कॅनला भिऊन घरी बसावे असा मुळीच नव्हे. प्राणवायू ९४ च्या खाली उतरला, धाप लागली, की विलंब न लावता डॉक्टर गाठावा. त्यांनी स्कॅन सांगितल्यास तो अवश्य काढावा. बुडत्याने पाण्याच्या थंडीचा विचार करू नये. एका स्कॅनचा धोका अतिशय अल्प असतो. उपचार चुकल्याचा धोका फार मोठा.

आपल्या वाचक-कुटुंबांनी एवढे मात्र करावे. या स्कॅनने उपचार बदलेल काय, हे डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. पूर्वीची चित्रे जपून ठेवावी व सोबत न्यावी, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करावी लागणार नाही. स्त्री गरोदर असल्यास ते आधी सांगावे. मुलांसाठी अल्प मात्रा आवर्जून मागावी, कारण वाढत्या शरीरास किरण अधिक बाधतात. गळ्यातील साखळी व क्रूस काढून ठेवावे, आणि सांगतील तितका वेळ श्वास रोखून निश्चल पडावे. हलल्यास चित्र बिघडते व पुन्हा काढावे लागते. सी. टी. यंत्र चालविण्यास मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, हेही ध्यानात असू द्यावे.

औषध असो वा किरण, मात्रा साधली तर तारक, चुकली तर मारक. ती विचारून घेण्यात कोणताही उद्धटपणा नाही.