पाण्याचे व्यवहार (लेखांक ११) : तलाव तापतो कसा, निवतो कसा

गेल्या आठवड्यात पोहण्याच्या तलावातल्या क्लोरीनचा हिशेब मांडला होता. आज उष्णतेचा. त्यासाठी अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं फीनिक्स शहर गाठू. वाळवंटातलं हे शहर विमानातून पाहिलं तर घरांच्या मागे निळ्या पाण्याचे तुकडेच तुकडे दिसतात. २०२३ साली ३० जूनपासून सलग ३१ दिवस तिथला पारा ४३ अंशांच्या पुढे जात राहिला. त्यातल्या १६ दिवसांत तर तो रात्रीही ३२ अंशांखाली आला नाही. अशा गावात परसात तलाव म्हणजे चैनच, असं आपल्याला वाटणार. पण भर उन्हाळ्यात त्या तलावाचं पाणी ३३-३४ अंशांवर जाऊन बसतं. स्पर्धेच्या तलावाला २५ ते २८ अंशांची मर्यादा असते आणि खुल्या पाण्यातली शर्यत ३१ अंशांपलीकडे होऊच देत नाहीत. तेव्हा ३४ अंशांचं पाणी पोहायचं नव्हे, आंघोळीचं.

गंमत अशी, की जूनमध्ये आग ओकणारं ऊन असताना हाच तलाव बऱ्यापैकी गार असतो. जुलैत ढग येतात (ॲरिझोनातही पावसाळा असतो आणि तिथले लोक त्याला मान्सूनच म्हणतात), ऊन जरा झाकोळतं, आणि पाणी मात्र तापत जातं. नागपूरकरांना यात नवल वाटायचं नाही. मे महिन्यात घर गारेगार करणारा कूलर मृगाचे ढग आले की नुसता चिकट वारा मारतो, हे त्यांनी दरवर्षी सोसलेलं असतं. हवा कोरडी असेल तर पाण्याची वाफ भराभर होते, आणि ती वाफ जाताना उष्णता घेऊन जाते. हवाच दमट असेल तर हा रस्ता अरुंद होतो.

आता आकडे. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलाव धरा. त्यात ७५ हजार लिटर पाणी मावतं. ते एका अंशाने गार करायचं तर ७५ हजार किलोकॅलरी उष्णता बाहेर काढायला हवी. एक लिटर पाण्याची वाफ होते तेव्हा साधारण ५८० किलोकॅलरी जातात. म्हणजे जेमतेम १३० लिटर पाणी उडालं की अख्खा तलाव एका अंशाने निवला! पातळीत हा फरक अडीच मिलिमीटरचा. डोळ्यांना कळायचासुद्धा नाही.

हेच काम बर्फाकडून करून घ्यायचं तर सुमारे ७०० किलो बर्फ लागेल. पार्टीच्या दिवशी तलावात लाद्या सोडणारे हौशी लोक आहेत. फोटो छान येतात. टँकर मागवणाऱ्यांचंही तेच. ३३ अंशांच्या तलावात २७ अंशांचं दहा हजार लिटर पाणी ओतलं, आणि तेवढंच आधी उपसून टाकलं, तर फरक पडतो एका अंशाहूनही कमी. उन्हाळ्यात पाण्याची ही नासाडी मला तरी बघवत नाही.

मग वाफ वाढवायची कशी? पाणी उडवून. गाळणीतून आलेलं पाणी जिथून तलावात परत पडतं, तिथे पीव्हीसीचा नळ वर वळवून लावायचा, टोकाला टोपण बसवायचं आणि त्याला बारीक भोकं पाडायची. थेंब हवेत उडतात, प्रत्येकाला चहूबाजूंनी वारा लागतो, आणि खाली पडेपर्यंत तो थोडा निवतो. बाजारातली महागडी कारंजी याहून वेगळं काही करत नाहीत. ते चालवायचं रात्री दहापासून उजाडेपर्यंत. तेव्हा वरून ऊन नसतं, हवा निवलेली असते आणि निरभ्र आकाशाकडे पाण्याची उष्णता आपसूकही जात असते. काही घरांत हिवाळ्यात पाणी तापवायला छतावर सौर नळ्या बसवलेल्या असतात. उन्हाळ्याच्या रात्री त्याच नळ्यांतून पाणी फिरवलं तर त्या उलटं काम करतात.

दिवसा मात्र मुख्य शत्रू सूर्य. या आकाराच्या तलावावर जूनमधल्या एका दिवसात जेवढं ऊन पडतं, ते सगळं पाण्यात मुरलं आणि काहीच बाहेर गेलं नाही, तर तापमान चारेक अंशांनी चढेल. म्हणून सावली. पण ती पाण्यापासून उंचावर, खालून वारा खेळेल अशी हवी. शेडनेट किंवा ताणलेलं कापड उत्तम. पाण्यावर तरंगणारं, फुग्याफुग्यांचं पारदर्शक आच्छादन उन्हाळ्यात अजिबात नको. ते ऊन आत येऊ देतं आणि वाफ अडवतं, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. पाणी वाचवायला म्हणून ते घालणारे घालतात, आणि तलाव तापला म्हणून कुरकुरतातही.

अर्थात वाफेची किंमत मोजावी लागते. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. पातळीच्या रेषेवर फरशीवर जो पांढरा खरखरीत पट्टा दिसतो, नखाने निघत नाही, तो हाच. कारंज्यामुळे पाण्यातला कार्बन डायऑक्साइडही निसटतो आणि पीएच चढतो; तो उतरवायला ॲसिड जास्त लागतं. गेल्या लेखातलं चाचणीचं किट म्हणूनच आठवड्यातून दोनदा तरी बाहेर काढा. पैसा असेल तर पाणी थंड करणारं यंत्र मिळतं. ते दमट हवेतही चालतं, पण विजेच्या बिलाची तयारी ठेवावी.

अलिबाग-कर्जतकडच्या फार्महाऊसवाल्यांनी ही कारंजी बसवण्याआधी एक चाचणी करावी. तापमापीच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून पंख्याच्या वाऱ्यात धरायची. पारा जिथे थांबेल, त्याच्याखाली वाफ तुमचं पाणी नेऊ शकत नाही. फीनिक्समध्ये जूनच्या दुपारी, ४३ अंशांतही, तो वीस-बावीसवर थांबतो. कोकण किनाऱ्यावर मे महिन्यात ३३ अंशांची हवा असली तरी तो २८च्या आसपासच अडतो. तिथे पैसे कारंज्यावर न घालता शेडनेटवर घाला.

(पुढील लेखांकात : कोमट पाण्यात शेवाळ का माजतं?)