विश्लेषण : कॅपचा पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेज पाहून येणे का गरजेचे?

बारावीनंतर अभियांत्रिकीला जायचे, हे अनेक घरांत दहावीच्या निकालानंतरच ठरते. कोणत्या कॉलेजात जायचे, हे मात्र पसंतीक्रम भरण्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत ठरते. एका बाजूला गेल्या वर्षीचा कटऑफ, दुसऱ्या बाजूला नातेवाइकांचे फोन आणि समोर वेबसाइटवरचे चकचकीत फोटो. चार वर्षे आणि काही लाख रुपये जिथे जाणार, त्या कॉलेजचे फाटक मात्र कोणीच पाहिलेले नसते. ‘आधी भरू, मग बघू’ ही सवय आता महागात पडू शकते.

नियम काय बदलला?

राज्यातील अभियांत्रिकीचे प्रवेश सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजेच ‘कॅप’मधून होतात. एका अर्जात ३०० पर्यंत पर्याय भरता येतात. २०२५-२६ पासून तीनऐवजी चार फेऱ्या झाल्या आणि नियमही कडक झाले. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला, तर तो घेणे बंधनकारक ठरले. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणताही पर्याय मिळाला, तरी तोच नियम. मिळालेली जागा नाकारली, तर पुढच्या फेऱ्यांचा दरवाजा बंद होतो.

समजा, लातूरच्या एका मुलीने केवळ नाव ऐकून पुण्याजवळचे एक कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकले. पहिल्याच फेरीत ते मिळाले. प्रवेशाच्या दिवशी कळले, की मुलींच्या हॉस्टेलमध्ये जागा नाही आणि संध्याकाळी सहानंतर शहरात जायला बस नाही. तोपर्यंत पसंतीक्रम बदलण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणूनच यादीतील निदान पहिली सहा नावे तरी स्वतः पाहिलेली असावीत.

शोध कधी सुरू करावा?

अकरावीची परीक्षा संपल्यावर. एप्रिलमध्ये बहुतेक अभियांत्रिकी कॉलेजांत दुसरे सत्र सुरू असते. वर्ग भरतात, प्रॅक्टिकल चालतात, कँटीनमध्ये गर्दी असते. दिवाळीत कॉलेजांनाही सुट्टी असते आणि जानेवारीनंतर बारावीच्या विद्यार्थ्याला बोर्ड व सीईटीपुढे श्वास घ्यायला सवड नसते. अकरावीत जमले नाही, तर सीईटीनंतरचे दिवस उरतात. तेव्हा वर्ग रिकामे असले, तरी कार्यालय उघडे असते.

घरबसल्या काय तपासता येते?

प्रवासाआधी १० ते १२ नावांची कच्ची यादी करावी. त्यासाठी गेल्या दोन-तीन वर्षांचे फेरीनिहाय कटऑफ पाहावेत. ‘नॅक’ची श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते, तर ‘एनबीए’ मानांकन एकेका शाखेला. त्यामुळे एखाद्या कॉलेजच्या मेकॅनिकलला मानांकन असते, पण नव्याने सुरू झालेल्या एआय-डेटा सायन्सला नसते. नव्या शाखेच्या तुकड्या बाहेर पडल्याशिवाय ते मिळतही नाही. अशा शाखेत शिकवणारे प्राध्यापक कोण, त्यांचे स्वतःचे शिक्षण कशात झाले आहे, हे विचारावे.

खासगी विनाअनुदानित कॉलेजांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देते आणि ते ऑनलाइन पाहता येते. कॉलेजने सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून घ्यावा. देणगी मागणे हा १९८७च्या राज्य कायद्यानुसार गुन्हा आहे.

‘पॅकेज’चा आकडा कसा वाचावा?

फ्लेक्सवर झळकते ते सर्वाधिक पॅकेज. ते एकाच विद्यार्थ्याचे असू शकते. सरासरीही फसवते. पाच जणांना वर्षाला ३, ३.५, ४, ४.५ आणि २० लाख रुपये मिळाले, तर सरासरी ७ लाख येते. प्रत्यक्षात चौघे ७ लाखांच्या बरेच खाली असतात. मधल्या विद्यार्थ्याचा पगार, म्हणजे मध्यक, ४ लाख आहे आणि तोच खऱ्याच्या अधिक जवळ जातो.

केंद्राच्या ‘एनआयआरएफ’ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना ही माहिती द्यावीच लागते. किती विद्यार्थ्यांनी वेळेत पदवी पूर्ण केली, किती जणांना नोकरी लागली, किती उच्च शिक्षणाकडे वळले आणि मध्यक वेतन किती, याचा तक्ता संस्थेच्या वेबसाइटवर सापडतो. तो संपूर्ण संस्थेचा असतो. त्यामुळे शाखेचे आकडे प्लेसमेंट विभागाकडे वेगळे मागावेत.

कॉलेजात गेल्यावर काय पाहावे?

आधी फोन करून कामकाजाच्या दिवशी जावे. कार्यालयातील माणूस इमारत दाखवेल, पण खरी माहिती कँटीनमध्ये मिळते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मोजकेच प्रश्न विचारावेत :

• गेल्या सत्रात किती प्राध्यापक मध्येच सोडून गेले?
• प्रॅक्टिकल स्वतःच्या हाताने होते, की जर्नल उतरवून काढले जाते?
• पहिल्या वर्षी गणितात किती जणांना केटी लागते?
• प्लेसमेंटसाठी आपल्या शाखेला किती कंपन्या बसू देतात?

प्रयोगशाळेत यंत्रे किती, यापेक्षा ती वापरात आहेत का, हे पाहावे. वाचनालय रात्री किती वाजेपर्यंत उघडे असते? हॉस्टेलमध्ये पहिल्या वर्षाला जागा नक्की मिळते का, हे रेक्टरकडूनच विचारून घ्यावे. मेसमध्ये एक वेळ जेवून पाहावे. शक्य असल्यास येताना स्टेशन किंवा एसटी स्टँडवरून रिक्षाऐवजी बसने यावे. रोजचा प्रवास कसा असेल, ते त्यातून कळते. दोन तासांच्या भेटीतून सगळे कळत नाही, पण नाव यादीतून काढायला अनेकदा तेवढे पुरते.

खर्चाचे गणित

२०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यासाठी प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून गेल्यास हा लाभ मिळत नाही. खोलीभाडे, मेस आणि प्रवास मात्र माफ नाहीत. ‘फी माफ आहे’ म्हणून दूरचे कॉलेज घेणाऱ्या घरांचा हिशेब इथेच चुकतो. हॉस्टेल आणि मेसचे वर्षाचे दर लेखी घ्यावेत आणि चारने गुणून पाहावेत.

कॉलेज पाहायला जाण्याचा खर्चही असतोच. तो कमी करण्यासाठी एका शहरातील तीन-चार कॉलेजे दोन दिवसांत पाहावीत, वर्गातील दोन-तीन मित्रांनी मिळून जावे. महिलांना एसटीत निम्मे तिकीट असल्याने मायलेकींचा प्रवास एका तिकिटाच्या पैशांत होतो.

यादी कशी लावावी?

गुणवत्तेनुसार मिळू शकणारा सर्वांत वरचा पर्यायच विद्यार्थ्याला दिला जातो. त्यामुळे ‘वरचे कॉलेज टाकले तर खालचे हुकेल’ ही भीती चुकीची आहे. कटऑफ जास्त असलेले, पण मनापासून हवे असलेले कॉलेज वर टाकण्यात तोटा नाही. तोटा आहे, तो नको असलेले कॉलेज केवळ नावासाठी वर टाकण्यात. घरातल्यांनी एकत्र बसून प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारावा : उद्या हेच मिळाले, तर जाणार का? उत्तर ‘बघू’ असेल, तर ते नाव पहिल्या सहात नसावे.

कॅपचे नियम आणि तारखा दरवर्षी बदलू शकतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचूनच अर्ज निश्चित करावा. नॉन-क्रीमीलेअर, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला यांसारखी कागदपत्रे मात्र बारावीच्या वर्षातच काढून ठेवावीत. मग पसंतीक्रम भरण्याचे मोजके दिवस तहसील कार्यालयाच्या रांगेत न जाता यादीवर विचार करण्यात जातील.