व्रणाची रेघ आणि शल्यविशारदाची सुरी

मुखावरील व्रण शस्त्रक्रियेने समूळ नाहीसा होतो, ही समजूत प्रथम दूर केली पाहिजे. कारण जखम भरताना कोलॅजनचे तंतू पूर्वीच्या जाळीदार विणीऐवजी एकाच दिशेने दाटीने रचले जातात, आणि ही वीण परिपक्व होण्यास सुमारे वर्षाची मुदत लागत असल्याने, सहसा तोवर रुग्णाने व शल्यविशारदाने, दोघांनीही, सबुरी राखावी हेच श्रेयस्कर.

त्यानंतरच्या उपायांत मला सर्वांत मनोज्ञ वाटते ती झेड-प्लास्टी. ओठाच्या कोपऱ्याला खाली ओढणाऱ्या ताठ व्रणरेषेच्या दोन्ही टोकांशी, परस्परविरुद्ध बाजूंना, ६०-६० अंशांचे छेद घेऊन त्वचेच्या दोन त्रिकोणी पाकळ्या मोकळ्या करावयाच्या आणि त्यांची अदलाबदल करून त्या शिवावयाच्या. एवढ्याने त्या दिशेची लांबी भूमितीच्या हिशेबाने सुमारे ७५ टक्क्यांनी वाढते, ओढ सुटते, आणि मधली रेघ आडवी वळून चेहऱ्याच्या स्वाभाविक सुरकुत्यांत मिसळून जाते.

मुरुमांच्या खळग्यांना सुईने खालचे तंतू सोडविणे किंवा लेसर उपयोगी पडते. मूळ जखमेच्या सीमेबाहेर वाढणारे व्रण, म्हणजे केलॉइड, मात्र नुसते कापल्यास अधिकच फोफावण्याचा संभव असतो, म्हणून छेदाबरोबरच स्टेरॉइडच्या इंजेक्शनांची अथवा किरणोपचाराची तजवीज आधीच केलेली असावी.